मूळ प्रत, निळ्या शाईत

१२ जून

भिंगरी,

सोबत एक संमतीपत्र पाठवते आहे. तिसऱ्या पानावर खाली पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही कर, तारीख घाल आणि आतल्या पाकिटातून परत पाठव. पाकिटावर पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे. सही मूळ प्रतीवर आणि निळ्या शाईतच लागते. फोटो चालत नाही, स्कॅन चालत नाही आणि काळी शाईसुद्धा चालत नाही, कारण काळ्या शाईतली सही झेरॉक्ससारखी दिसते असं एथिक्स कमिटीच्या क्लार्कचं म्हणणं आहे. नाहीतर मी पोस्टाची पायरी चढले नसते. फोन तू उचलत नाहीस हे चार वर्षांत मला पुरेसं कळलंय, म्हणून तो प्रयत्न केला नाही.

काय आहे ते थोडक्यात सांगते. मी एक फेलोशिप करते आहे. डॉक्टरांना शिकवणाऱ्या डॉक्टरांनी कसं शिकवावं, हे शिकवणारी. दोन वर्षांची. बावीस वर्षं मेडिसिन शिकवल्यावर मला शिकवायला शिकवतायत. हस तू. मीही पहिल्या दिवशी हसले होते. आता हसू येत नाही, कारण शेवटी प्रत्येकाला एक स्वतंत्र प्रोजेक्ट पूर्ण करून दाखवावा लागतो आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

माझा विषय आहे, वाईट बातमी कशी सांगावी हे विद्यार्थ्यांना शिकवणं. त्यासाठी एक प्रसंग लिहिलाय. एक डॉक्टर आपल्या धाकट्या बहिणीला सांगते की आई आता फार दिवसांची सोबती नाही. विद्यार्थ्याने डॉक्टर व्हायचं, दुसऱ्या कोणीतरी बहीण व्हायचं, आणि बाकीच्यांनी चौदा मुद्द्यांच्या यादीवर खुणा करायच्या. नाव नाही, गाव नाही. तुझा माझा कुठे उल्लेख नाही.

पण अर्जात एक रकाना होता, ‘प्रसंगाचा मूळ आधार’. रकाना रिकामा ठेवला की अर्ज परत येतो, म्हणून मी लिहून टाकलं, ‘स्वानुभव, संबंधित व्यक्ती – धाकटी बहीण’. लिहिलं नसतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. आता कमिटी म्हणते, बहीण जिवंत आहे का? आहे. मग तिची संमती आणा.

तर ही ती संमती. प्रसंगाची प्रतही जोडावी लागते, जोडली आहे. वाचलीच पाहिजेस असं नाही.

ताई

---

२९ जून

भिंगरी,

सतरा दिवस झाले. पोस्टात हरवलं असेल असं धरून दुसरी प्रत पाठवते आहे. हरवलं नसेल आणि तू मुद्दाम ठेवून घेतलं असशील तर तेही समजण्यासारखं आहे, पण माझी अडचण लक्षात घे. वीस सप्टेंबरला सगळी कागदपत्रं जमा करायची आहेत. त्याआधी चोवीस विद्यार्थ्यांचे दोन-दोन फेरे व्हायचेत, गुण मांडायचेत, निष्कर्ष लिहायचेत. आणि संमती हातात आल्याशिवाय कमिटी एकाही विद्यार्थ्याला हात लावू देत नाही. आत्ता फक्त तालीम चालू आहे, तेवढ्याला परवानगी लागत नाही म्हणे.

माझी गाइड माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे. हुशार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दर आठवड्याला माझा कागद वाचते, चष्मा वर सरकवते आणि विचारते, “मॅडम, यात तुम्ही कुठे आहात?” मी म्हटलं, “मी वर आहे, नावाच्या जागी.” तिला गंमत कळली नाही, किंवा कळून तिने दाखवलं नाही. म्हणाली, “प्रसंग फार स्वच्छ आहे.” स्वच्छ म्हणजे काय? वाईट बातमी काय घाण करून सांगायची?

बहिणीचं काम करायला कोण मिळालंय सांगू? आमच्या रेकॉर्ड रूमच्या काकू. तळघरात तीस वर्षं केसपेपर सांभाळणाऱ्या बाई. मोठ्या आवाजात बोलत नाहीत, कोणाला भीक घालत नाहीत, आणि डीन आले तरी रजिस्टरवर सही घेतल्याशिवाय फाइल देत नाहीत. मला वाटलं, दिलेली वाक्यं गुमान म्हणतील. कसलं काय! पहिल्याच तालमीला म्हणाल्या, “मॅडम, ही बहीण एवढ्या लवकर शांत होणार नाही हो.”

मी म्हटलं, “कागदावर आहे ना, ‘डोळे पुसते आणि म्हणते, आता पुढे काय करायचं, ताई?’ तसंच म्हणायचं.”

“म्हणते की. पण मला आतून तसं येत नाही.”

आता आतून यायला ही काय नाटक कंपनी आहे? पण शिकवण्याच्या या पद्धतीत त्या बाईला काय वाटलं यालाही किंमत असते, तिच्यासाठी यादीखाली वेगळी चौकट ठेवावी लागते. ‘मला हे खरं वाटलं – हो / नाही.’ ती गाइडने घालायला लावली. घातली.

मला माहीत आहे तू म्हणशील, माझ्यापर्यंत फॉर्म पोचवायला तुला चार वर्षं लागली, तेही स्वतःच्या कामासाठी. बरोबर आहे. म्हण. पण सही करून मग म्हण.

ताई

---

१७ जुलै

भिंगरी,

तुझं पाकीट मिळालं. पत्र नाही, चार शब्द नाहीत, ‘ताई’ एवढंसुद्धा नाही. फॉर्म, आणि एक टाइप केलेला कागद.

आधी फॉर्मचं. सही केलीस, निळ्या शाईत केलीस, तारीख घातलीस. उपकार झाले. मग वरचं वाक्य का खोडलंस? ‘माझ्या सर्व प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मला मिळाली आहेत.’ पट्टी लावून, सरळ रेघ मारून, शेजारी आद्याक्षरं घालून, अगदी कोर्टात खोडतात तसं. हे वाक्य प्रत्येक संमतीपत्रात असतं, भिंगरी. रक्त काढायच्या फॉर्ममध्येही असतं. ते कोणी वाचत नाही. मी बावीस वर्षांत हजारो जणांच्या सह्या घेतल्या, एकानेही आजवर ते वाचल्याचं मला आठवत नाही. क्लार्कने तो फॉर्म चिमटीत धरून मला परत दिला. “मॅडम, खाडाखोड चालत नाही. नवीन भरून आणा.” कपाळावर हात मारायचा फक्त बाकी राहिला होता.

आता त्या टाइप केलेल्या कागदाचं.

तू कोर्टात लघुलेखिका आहेस हे मी विसरले नव्हते. पण समोर साहेब बसलेले, हातात पेन्सिल, कानाला फोन, आणि तुझा हात आपोआप चालत राहिला असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते तू चार वर्षं जपून ठेवशील हेही नाही. खाली तुझी अट लिहिली आहेस, ‘वापरायचे तर हे वापरावे.’ अट म्हणजे अट, म्हणून आता माझा प्रसंग बाद आणि तुझा कागद प्रोजेक्टला लागणार. लागणार तर नीट लागू दे म्हणून मी तो इथे उतरवून घेते. एखादा शब्द चुकला असला तर कळव.

ताई : भिंगरी, बोलता येईल?
मी : चेंबरमध्ये आहे. बोल.
ताई : आई क्रिटिकल आहे. पॅनक्रियाजची मॅलिग्नन्सी. लिव्हरला मेट्स (?) आहेत. सकाळपासून शुद्ध नाही.
मी : काय आहेत लिव्हरला?
ताई : पसरलंय. तू निघ.
मी : परवा तर बोललो आम्ही.
ताई : हो.
मी : तुला कधी कळलं?
ताई : फेब्रुवारीत.
मी : आता मे चालू आहे.
ताई : ते आता महत्त्वाचं नाही.
मी : मग आईला काय वाटत होतं, मी का येत नाही ते?
ताई : (उत्तर नाही.) माझा राउंड आहे. ठेवते.

माझ्या प्रसंगात दोघी बहिणी एका खोलीत बसतात. खुर्च्या समोरासमोर आहेत, पाण्याचा पेला आहे, डॉक्टर थांबून थांबून बोलते. मला खरंच वाटत होतं की मी फोनवर निदान थांबून थांबून बोलले. तुझ्या कागदावर तेरा ओळी आहेत. मी घड्याळ लावून वाचून पाहिलं, पूर्ण मिनिटही लागत नाही.

मान्य. वाईट सांगितलं. आयसीयूच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उभी होते, स्ट्रेचर जात होतं, दोन ज्युनिअर डॉक्टर माझ्याकडे बघत होते. बहिणीला ‘मेट्स’ म्हणणारी डॉक्टर आता मुलांना सोपे शब्द वापरा म्हणून शिकवते. तुला हवं ते म्हण.

पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही म्हणतेस ते घे. आईनेच सांगितलं होतं, तुला कळवू नकोस म्हणून. मार्चमध्ये तुझी बढतीची परीक्षा होती. तिला तुझं वर्ष वाया घालवायचं नव्हतं. झालं समाधान?

नवा फॉर्म सोबत आहे. कृपा करून रेघा मारू नकोस. सह्या घेता घेता मी म्हातारी होईन.

ताई

---

९ ऑगस्ट

भिंगरी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. दोनदा फाडलं.

तुझा दुसरा फॉर्म आला. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तीच पट्टी लावलेली रेघ. या वेळी मला चिडायलाही जमलं नाही. का ते सांगते, पण मला माझ्या पद्धतीने सांगू दे, मधेच पुढची ओळ वाचू नकोस. तुला तशी खोड आहे.

क्लार्कच्या हातापाया पडून मी एक प्रात्यक्षिक तेवढं पदरात पाडून घेतलं. गुण मोजायचे नाहीत, नुसतं करून दाखवायचं, या अटीवर. आमच्या विभागातली शेवटची खोली, फळा, चोवीस मुलं अर्धगोलात, मध्ये दोन खुर्च्या, टेबलावर पाणी आणि रुमालांचा डबा. काकूंना मी तुझा कागद दिला होता. त्यांनी तो दोन दिवस तळघरात नेऊन वाचला. मुलांपैकी एक म्हणाला, “मॅडम, आधी तुम्ही एकदा करून दाखवा ना.” बाकीच्यांनी लगेच री ओढली. मी बसले.

मी फार छान केलं, भिंगरी. मी हे काम करते. आधी विचारलं, तुला आईच्या तब्येतीबद्दल काय काय माहीत आहे. मग म्हटलं, मला एक वाईट गोष्ट सांगायची आहे. मग थांबले. मग सोप्या शब्दांत सांगितलं, एकाच वाक्यात. पाणी पुढे केलं. काकू तुझ्या ओळी म्हणत होत्या, अगदी हळू. ‘आता मे चालू आहे’ हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या ते ऐकून पुढच्या रांगेतल्या एका मुलीने पेन खाली ठेवलं.

आणि मग तो शेवटचा प्रश्न आला. मला माहीत होतं तो येणार आहे. उत्तर तयार होतं. मी काकूंच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “आईचीच इच्छा होती, तुला कळू नये अशी. तुझी परीक्षा होती ना.”

मुलांनी सरावापुरत्या खुणा केल्या. चोवीस याद्या. प्रत्येकीवर चौदापैकी चौदा. मुद्दा क्रमांक बारा, ‘प्रश्न टाळला नाही, प्रामाणिक उत्तर दिले’, सगळ्यांनी बरोबरची खूण केली. एकाने शेजारी उद्गारचिन्ह काढलं.

काकूंनी त्यांची चौकट भरून कागद उपडा ठेवला आणि तळघरात निघून गेल्या. मी उलटून पाहिला. ‘मला हे खरं वाटलं – नाही.’

मी खाली गेले. जिना उतरतानाच मी वैतागलेली होते. म्हटलं, “काकू, काय चुकलं? सगळं तर यादीप्रमाणे झालं.”

त्या फायली लावत होत्या, लावत राहिल्या. “यादीचं मला कळत नाही, मॅडम. पण आईला एवढे दिवस एकदाही वाटलं नाही, धाकटीला बघावं म्हणून? मला तीन मुली आहेत. एकीचा फोन राहिला तर मला जेवण जात नाही.”

मी तिथल्याच स्टुलावर बसून राहिले. त्यांनी मला रजिस्टरवर सही न घेता बसू दिलं, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समज.

आता उत्तर.

आईने मला ‘सांगू नकोस’ असं कधीच म्हटलं नाही. रिपोर्ट आला सात फेब्रुवारीला. दहा तारखेला सकाळी ती पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, “भिंगरीला सांगितलंस का?” मी तिची गोळ्यांची पट्टी शोधत होते. मी म्हटलं, “हो.”

एवढंच. विचार करून नाही, कट करून नाही. मला वाटलं संध्याकाळी तुला फोन करते, म्हणजे ते खरं होऊन जाईल. तिने विचारलं, “काय म्हणाली?” मी म्हटलं, “रडली. रजा मिळाली की येते म्हणाली.” ते शब्द मी तुझ्या तोंडी घातले. संध्याकाळी मी फोन हातात घेतला आणि ठेवला. रोज परक्यांना सांगणारी मी, तुला सांगायची वेळ आली आणि माझी जीभ उचलेना. तुला सांगितलं असतं की मग ते आपल्या आईचं झालं असतं. तोपर्यंत ती एक केस होती, आणि केस मला सांभाळता येते. मग तुझी परीक्षा आली, ते निमित्त सापडलं. परीक्षा झाली आणि निमित्त संपलं, पण तोवर तुला सांगायचं म्हणजे हेही सांगायला हवं होतं की मी आईशी खोटं बोलले. मी मूग गिळून बसले. तुला म्हणत राहिले, पोट बिघडलंय, ॲसिडिटी आहे.

तुम्ही दोघी दर रविवारी अकराला फोनवर बोलायचात. मी खोलीत असायचे. तुला काहीच माहीत नव्हतं आणि तिला वाटायचं तुला सगळं माहीत आहे. ती वाट बघायची, तू विषय काढशील म्हणून. मी एकदा म्हटलं, “तूच काढ ना.” तर म्हणाली, “मी काढला तर तिला सगळं टाकून धावत यावं लागेल. तिच्या सोयीने येऊ दे.”

शेवटच्या रविवारी तिने तुला विचारलं होतं, “तुला मला काही विचारायचंय का गं?” आठवतं? तुला आठवत असणारच. तू विचारलंस, कुकरची रिंग कोणत्या मापाची आणायची. ती म्हणाली, “पाच लिटरची, मधली.” फोन ठेवला आणि मला म्हणाली, “अजून धीर होत नाहीये तिला. तू तिच्यावर रागावू नकोस हं, नाही आली तरी.”

मला सांगितलं तिने. तुझ्यावर रागावू नकोस म्हणून. आणि मी मान डोलावली.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आईला वाटत होतं की तुला धीर नाही. ती रागावली नव्हती, रुसली नव्हती, पण ती समजून गेली की तुला माहीत असूनही तू आली नाहीस. धीर मला नव्हता, भिंगरी. ते तुझ्या नावावर गेलं आणि मी ते जाऊ दिलं. मंगळवारी तिची शुद्ध गेल्यावर दुपारी तुला फोन केला, कारण आता ती तुला काही विचारू शकणार नव्हती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुझ्या भावोजींनाही माहीत नाही.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागते. माझं चुकलं. फार चुकलं.

फॉर्म सोबत आहे, कारण क्लार्कने माझ्या हातात तो कोंबलाय. सही करावीस म्हणून पाठवत नाही. फाडून टाकलास तरी चालेल.

ताई

---

३० ऑगस्ट

भिंगरी,

उत्तर नाही. यायला हवं असं माझं म्हणणं नाही, पण रोज अडीच वाजता ऑफिसात टपालाची पेटी उघडतात आणि मी रोज काहीतरी निमित्त काढून तिथे उभी असते. टपाल बघणारा मला म्हणाला, “मॅडम, कुठली नोकरी बघताय का?”

मी गाइडला सांगितलं की प्रसंग मागे घेते. ती म्हणाली, मग प्रोजेक्टमध्ये उरलं काय? मी म्हटलं, एक यादी उरली जी खोट्याला पैकीच्या पैकी गुण देते, हा काय कमी निष्कर्ष आहे? तिने चष्मा वर सरकवला. मला वाटलं आता पुन्हा विचारणार, यात तुम्ही कुठे आहात. पण तिने नुसतं पाणी दिलं आणि थांबली. मीच शिकवते ते सगळं माझ्यावर करत होती. राग आला आणि बरंही वाटलं. शेवटी ठरलं, फेरे वगळून त्या एका प्रात्यक्षिकावरच प्रोजेक्ट लिहायचा, पण त्यालाही तुझी संमती लागतेच.

मुलांना मी वर्गात खरं काय ते सांगितलं. सगळं नाही. एवढंच की त्या दिवशी मुद्दा क्रमांक बाराला तुम्ही मला जो गुण दिलात तो परत घ्या, मी खोटं बोलले होते. मग तो उद्गारचिन्हवाला उठून म्हणाला, “मॅडम, पण मग आम्ही ओळखायचं कसं?” बावीस वर्षांत मला विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न असेल. मी त्याला तळघरात काकूंकडे पाठवलं.

ताई

---

२१ सप्टेंबर

भिंगरी,

तुझं पाकीट परवा मिळालं, एकोणीसला, अडीच वाजता. टपालवाल्याने स्वतः वर आणून दिलं.

मी दार लावून उघडलं. या वेळीही पत्र नव्हतं. आधी पाकीट उलटं करून झटकलं, मग फॉर्म पाहिला. सही आहे. निळी. तारीख आहे. आणि तिसऱ्या पानावर ते वाक्य तसंच आहे, त्यातला एक शब्द तेवढा तू पट्टी लावून खोडलास. ‘समाधानकारक’. शेजारी तुझी आद्याक्षरं.

मी ते वाक्य कितीदा वाचलं ते विचारू नकोस. ‘माझ्या सर्व प्रश्नांची उत्तरे मला मिळाली आहेत.’ तू उगाच एक शब्द कमी-जास्त लिहीत नाहीस, ते तुझं कामच नाही. म्हणून जे लिहिलंस तेवढंच मी घेते, त्याच्यापुढे काही वाचत नाही.

काल शेवटचा दिवस होता. क्लार्कसमोर फॉर्म ठेवला. त्याने तो उजेडाकडे धरला.

“मॅडम, पुन्हा खाडाखोड.”

“हो.”

“नवीन आणा. मी संध्याकाळपर्यंत थांबतो.”

“नवीन येणार नाही.”

“अहो, एका शब्दासाठी तुमचं दोन वर्षांचं काम अडकेल. बहीणच आहे ना? समजावून सांगा.”

बिचारा चांगल्या मनाने म्हणाला. त्याला काय माहीत. मी म्हटलं, “तो शब्द तिने बरोबर खोडलाय. तुम्हाला चालत असेल तर ठेवा, नाहीतर द्या इकडे.”

त्याला चालला नाही. माझ्या फाइलवर ‘स्वतंत्र प्रकल्प – अपूर्ण’ असा शिक्का बसला. पुढच्या बॅचबरोबर पुन्हा करता येईल म्हणतात, फी न भरता, ही त्यांची उदारता. गाइड माझ्यापेक्षा जास्त हळहळली. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, “बरं झालं, आता सावकाश करा.” आणि रजिस्टर पुढे सरकवलं. फाइल अपूर्ण असली तरी ती त्यांच्याकडे जमा होते, आणि जमा करणाऱ्याने सही करायची असते. मी केली.

फाइलमध्ये तुझ्या फॉर्मची झेरॉक्स लावली आहे. शाई काळी दिसते, क्लार्क म्हणाला होता तशीच. मूळ प्रत मी कोणाला दिली नाही. ती घरी आणली आहे.

ताई